कुक्कुटमांसातील कवकविषे

कोंबडी, टर्की, बदक इ. पाळीव पक्ष्यांच्या मांसात व खाण्याजोग्या अवयवांत उतरणारी, बुरशीने तयार केलेली विषारी संयुगे. ‘बुरशीविषे’ हा शब्दही रूढ आहे. मांसाला बुरशी लागली म्हणून ती आली, असे सहसा नसते. मका, भुईमुगाची किंवा सरकीची पेंड अशा खाद्यावर शेतात वा साठवणीत बुरशी वाढते, खाद्यातून विष पक्ष्याच्या पोटात जाते आणि त्याचा थोडा अंश यकृत, मूत्रपिंड, स्नायू व अंडी यांत शिल्लक राहतो. अफ्लाटॉक्सिने सर्वांत महत्त्वाची असून ओक्राटॉक्सिन ए, फ्युमोनिसिने, टी-२ विष व डीऑक्सिनिव्हॅलेनॉल ही इतर होत.

या अभ्यासाची सुरुवात टर्कींच्या एका साथीपासून मानण्याचा प्रघात आहे. १९६० मध्ये इंग्लंडात काही महिन्यांच्या अवधीत सुमारे एक लाख टर्की दगावल्या. रोगजंतू सापडेना, म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. माग काढता काढता तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला. पूर्व आफ्रिकेतील भुईमुगाची पेंड खाल्लेली बदकाची पिल्लेही त्याच सुमारास मेल्याचे आढळले. तेव्हा दोष एका देशाच्या मालात नाही, हे ध्यानात आले. १९६१ मध्ये पेंडीतील ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीकडे बोट दाखवले गेले आणि तिच्या नावातील आद्याक्षरांवरून अफ्लाटॉक्सिन हा शब्द घडला. पातळ थराच्या पट्टीवर अर्क चढवून ती अतिनील दिव्याखाली धरली की काही ठिपके निळे, तर काही हिरवे चमकतात. अफ्लाटॉक्सिनांच्या प्रकारांची बी व जी ही नावे या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आली. १९६३ मध्ये त्यांची रासायनिक संरचना निश्चित झाली.

साथीचे कारण मात्र एवढ्यावर मिटत नाही. मरणाऱ्या टर्की मान पाठीकडे वाकवून आणि पाय मागे ताणून पडत, असे त्या वेळच्या वर्णनांत आहे. निव्वळ अफ्लाटॉक्सिनाच्या बाधेत हे लक्षण सहसा दिसत नाही. या विसंगतीवर बोट ठेवून रिचर्ड कोल यांनी १९८६ मध्ये सायक्लोपियाझोनिक आम्लाचाही वाटा असावा, असे मांडले. हे आम्लही त्याच बुरशीच्या अनेक वाणांतून तयार होते. पुढे जपून ठेवलेल्या मूळ पेंडीच्या नमुन्यात ते आढळल्याची नोंद आहे. यकृतातील विकृती आणि बदकाच्या पिलांवरील चाचण्या अफ्लाटॉक्सिनाकडेच बोट दाखवतात, तर ताणलेली मान दुसऱ्या विषाकडे. दोन्ही एकत्र होती असे धरले म्हणजे सर्व निरीक्षणे जुळतात. मात्र बहुतेक पाठ्यपुस्तके अजून एकाच विषाचे नाव घेतात.

अफ्लाटॉक्सिन बी-१ मूळ रूपात फारसे घातक नसते. यकृतातील विकरे त्याचे इपॉक्साइड हे अतिक्रियाशील रूप बनवतात आणि ते डीएनएला चिकटते. ग्लुटाथायोन हे पेशीतील संरक्षक संयुग जोडणारी विकरे हे इपॉक्साइड निकामी करतात. पाळीव टर्कीच्या यकृतात ती जवळजवळ निष्क्रिय असतात, म्हणून टर्की इतकी हळवी. बदकाची पिल्ले तिच्याहूनही नाजूक आहेत; कोंबडी त्या मानाने चिवट. बाधित पक्ष्याचे यकृत फिकट पिवळे, सुजलेले व बोटाने दाबताच भुगा होणारे असते. वाढ खुंटते आणि लसींचा परिणाम उणावतो. विषाचा मोठा वाटा अशा रीतीने पक्षीच सोसतो आणि माणसापर्यंत त्यातले थोडेच पोहोचते.

किती पोहोचते, याचे अंदाज प्रयोगागणिक बदलतात. ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यातील व यकृतातील अफ्लाटॉक्सिनाच्या तीव्रतेचे प्रमाण ढोबळमानाने हजारास एक धरतात. म्हणजे किलोला २० मायक्रोग्रॅम विष असलेले खाद्य दिले, तर किलोभर यकृतात सुमारे ०.०२ मायक्रोग्रॅम. स्नायूंत आणखी कमी. खाद्य बदलल्यावर हा अंशही काही दिवसांत ओसरतो. गाईने खाल्लेल्या बी-१ पैकी १ ते २ टक्के दुधात एम-१ या बदललेल्या रूपाने उतरते, हे लक्षात घेता दुधाला कडक मर्यादा आणि मांसाला कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संहितेची मर्यादाच नाही, हा भेद समजू शकतो. माणसाच्या पोटात जाणाऱ्या अफ्लाटॉक्सिनाचा मुख्य मार्ग मका आणि भुईमूग हाच आहे. मात्र कलेजी नेमाने खाणाऱ्यांच्या बाबतीत हिशेब थोडा वेगळा करावा लागतो, कारण नैसर्गिक अफ्लाटॉक्सिने आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ पासून निश्चित कर्कजनकांत धरली आहेत. घरगुती शिजवण्याने ती नष्ट होत नाहीत. शुद्ध रूपात त्यांचे विघटन २३० अंश सेल्सिअसच्या वर होते.

म्हणून नियंत्रणाचा भर खाद्यावर येतो. अमेरिकेत वाढत्या पिलांच्या खाद्यासाठी किलोला २० मायक्रोग्रॅम एकूण अफ्लाटॉक्सिन, तर प्रौढ पक्ष्यांना द्यायच्या मक्यासाठी १०० अशी मर्यादा आहे. मका १३ टक्क्यांच्या आसपास ओलाव्यापर्यंत वाळवणे, फुटके दाणे चाळून काढणे आणि कणगीच्या ओल्या कोपऱ्यात जमलेली ढेकळे खाद्यात न मिसळणे हे उपाय सर्वांत उपयोगी. बेंटोनाइट व तत्सम चिकणमाती आतड्यात अफ्लाटॉक्सिन धरून ठेवते, टी-२ वा डीऑक्सिनिव्हॅलेनॉलवर मात्र तिचा प्रभाव अत्यल्प. जाहिरातीतील ‘सर्वविषबंधक’ हे बिरुद त्यामुळे जपूनच घ्यावे. नमुना घेणे हीदेखील मोठी अडचण आहे. विष मोजक्या दाण्यांत एकवटलेले असते, म्हणून पोत्याच्या तोंडाशी काढलेली मूठ निर्दोष निघते आणि तळाची घातक.

ओक्राटॉक्सिन ए १९६५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वेगळे केले गेले. ते मूत्रपिंडाला अपाय करते. डुकरांच्या तुलनेत कोंबडी ते लवकर बाहेर टाकते, म्हणून त्याची चर्चा डुकराच्या मांसाभोवतीच जास्त झाली. फ्युमोनिसिने पक्ष्यांच्या आतड्यातून फारच कमी शोषली जातात. टी-२ विषाने चोचीत व जिभेवर व्रण पडतात. ताज्या मांसावर जीवाणू बुरशीला मागे टाकतात. सुकवलेल्या व मुरवलेल्या मांसावर मात्र पेनिसिलियम नॉर्डिकमसारख्या बुरशी वाढून थेट ओक्राटॉक्सिन सोडू शकतात.