नोटा छापायच्या यंत्राला नोट कुठली लागते?

गोव्यात डिचोलीतल्या एका घराच्या माळ्यावर पडून असलेलं जादूचं यंत्र यंदा माझ्याकडे आलं. लाकडी चौकट, आत दोन रूळ, त्यांवर गुंडाळलेलं काळं कापड आणि बाजूला फिरवायची मूठ. एका बाजूनं कोरा कागद सारायचा, मूठ फिरवायची, दुसऱ्या बाजूनं करकरीत नोट बाहेर! शाळेच्या गॅदरिंगमध्ये हा खेळ ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच आठवेल. गुपित त्या कापडात आहे, त्याहून जास्त सांगत नाही.

कापड विरलं होतं, पण फाटलं नव्हतं. मी हौसेनं जांभळी, नवी शंभराची नोट भरली आणि मूठ फिरवली. नोट आतल्या आत तिरकी झाली, तिचा कोपरा दुमडला आणि बाहेर आली ती विडीसारखी सुरळी होऊन. पट्टी घेऊन मोजलं. दोन कडांमधली जागा साधारण साडेसात सेंटिमीटर आणि नव्या शंभराची रुंदी ६६ मिलिमीटर. यंत्राला काही झालं नव्हतं, नोटच अंगानं उतरली होती. जुनी शंभराची नोट, पाठीवर कांचनगंगा असलेली, १५७ बाय ७३ मिलिमीटरची. २०१८ साली आली ती राणीची वाव, म्हणजे गुजरातमधली पायऱ्यांची विहीर, असलेली १४२ बाय ६६ची. पाचशेचंही तेच झालं: १६७ बाय ७३ची नोट २०१६मध्ये गेली, आली ती १५० बाय ६६ची.

पैशाचे खेळ ज्या त्या देशाच्या नोटेच्या मापानं बेतलेले असतात. अमेरिकेत १९२९ साली डॉलरची नोट लहान केली. आधीची सुमारे १८९ बाय ७९ची होती, नंतरची १५६ बाय ६६ची. म्हणजे जुन्या मापाची तिथली साधनंही एका फटक्यात ढिली झाली. गंमत अशी की ६६ हे तेच माप आता आपल्याकडे आलंय. पूर्वी अमेरिकेहून कुणी यंत्र आणलं तर आपली ७३ मिलिमीटरची नोट त्यात शिरायचीच नाही. आता शिरते. अडकलं आहे ते आपल्याच मापानं केलेलं.

या खेळाचं कूळ मात्र फारसं सज्जन नाही. नोटा छापणारी पेटी आधी ठगांच्या हातात गाजली. व्हिक्टर लुस्टिग, म्हणजे १९२५ साली आयफेल टॉवर भंगारात ‘विकणारा’ महाभाग, अशीच एक ‘रुमानियन पेटी’ विकायचा. एक नोट तयार व्हायला सहा तास लागतात, असं तो गिऱ्हाइकाला सांगे. पेटीत खऱ्याच नोटा आधी भरलेल्या असत. त्या संपेपर्यंत गिऱ्हाईक खूश आणि लुस्टिग पसार. ‘नोटा दुप्पट करून देतो’ म्हणणारे आपल्याकडचे भोंदू त्याच जातीचे. जादूगार निदान आधीच सांगून फसवतो.

गोव्यात जुन्या नोटा म्हटलं की लोक आधी पोर्तुगीज नोटा काढून दाखवतात. रुपिया हे इथलं पोर्तुगीज काळातलं चलन. कागदी रुपिया १८८३च्या सुमारास आला, त्यावर पोर्तुगालच्या राजाचं चित्र असे. १९०६पासून नोटा काढायचं काम बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेकडे गेलं. एका रुपियाचे सोळा तांगा. पुढे रुपिया जाऊन एस्कुदो आला आणि १९५९च्या नोटा निघाल्या त्या ३०, ६०, ३००, ६०० अशा आकड्यांच्या. आकडे विचित्र वाटतात, पण सहानं भागून बघा: ५, १०, ५०, १००. एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर होता, म्हणून जुन्याच किमतींना नवे आकडे चिकटले. १०० आणि १००० एस्कुदोच्या नोटा तेवढ्या या हिशेबाबाहेरच्या. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि तीन वर्षंही न झालेल्या या नोटांची सद्दी संपली. त्यानंतर हाती आलेल्या भारतीय नोटांचा आकारही १९६७ साली कमी झाला. आमच्या आजोबांच्या पिढीनं दहा वर्षांच्या आत पाकिटाचं माप किती वेळा बदललं असेल!

या एस्कुदोच्या नोटा देखण्या आहेत, पण खेळाला कुचकामी. यंत्रातून नोटेवरचा आफोंसो द आल्बुकेर्क, म्हणजे गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनापती, बाहेर आला तर पोरं विचारतात, हा कोण? ‘हा आपल्या खिशातलाच पैसा’ असं बघणाऱ्याला वाटलं तरच तोंडाचा आ होतो. शिवाय संग्राहकाची वस्तू मूठ फिरवून चुरगळणं मला तरी पाप वाटतं.

मग रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा? त्यांचं माप बसतं, त्या ओळखीच्याही आहेत. पण इथं कायदा आडवा येतो. २०१७च्या कायद्यानं त्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपर्यंत सूट आहे. मर्यादा ओलांडली तर किमान दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यात जे जास्त असेल तेवढा दंड. जादूसाठी वेगळी सूट नाही. आणि ‘जुनी नोट लाखाला घेतो’ म्हणून आधी फी मागणाऱ्यांपासून तर लांबच राहावं. आपलं नाव वापरून हा धंदा चालतो, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं २०२१मध्ये दिला होता.

उरली ती जुनी शंभराची. ती आजही चालते, पण हाती येते ती मासळी बाजार फिरून आलेली: ओलसर, मऊ, बांगड्याचा वास मारणारी. इस्त्री केली तरी रुळात लोळागोळा होते. मला हवी होती कोरी.

आत्याला विचारलं. तिनं आधी देव्हाऱ्याच्या खणातून एक रुपयाच्या नोटांची गड्डी काढली. ही नोट १९९४ला बंद होऊन २०१५ला पुन्हा आली, पण आहे ९७ बाय ६३ची. रुळात ती पोहायला लागली असती. मग तिनं कपाटाच्या तळातून लग्नामुंजीतल्या आहेराची न फोडलेली पाकिटं काढली. एकशे एकाची. रुपया पाकिटालाच चिकटवलेला आणि आत शंभर, घडीसुद्धा न पडलेली, ७३ मिलिमीटरची. चार मिळाल्या.

‘‘परत देशील ना रे?’’ तिनं विचारलं. मी होय म्हणालो, तोवर ती चौथ्या पाकिटावरचं नाव वाचत बसली होती. ‘‘अगं बाई, यांच्याकडे परतीचा आहेर करायचा राहिलाच की,’’ म्हणाली आणि ती नोट तिनं काढून घेतली.