पाणाड्या, आठ बादल्या आणि सांख्यिकीचा पेपर

जून-जुलैत यवतमाळ-वाशिमकडच्या कुठल्याही आर्ट्‌स कॉलेजात अ‍ॅडमिशनच्या टेबलाजवळ उभं राहून बघा. मानसशास्त्र घेतलेल्या पोरांना अभ्यासक्रमात सांख्यिकी दिसली की तक्रार ठरलेली असते: "सर, गनित नोको म्हनूनच त आर्ट घेतलं न जी!" मग मध्यमान, मध्यांक, प्रमाण विचलन यांची सूत्रं पाठ होतात, पेपर निघतो आणि सगळं विसरलं जातं. हा पेपर गणिताचा आहे, हाच मुळात गैरसमज. माणसांविषयी कुणी काही दावा केला, तर तो कितपत मानायचा, हे ठरवायची ती रीत आहे. शिकवायला प्रयोगशाळाही लागत नाही. गावचा पाणाड्या पुरतो.

तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला, किंवा हातातली कडुनिंबाची दुबेळकी काडी खाली ओढली गेली, की तिथे बोअर मारायची. "त्यानं दाखवलेल्या दहापैकी सात बोअरले पानी लागलं," असं कुणीतरी छातीठोक सांगतं. यावर वर्गात पहिला प्रश्न हा यायला हवा: त्याच शिवारात पाणाड्याला न विचारता मारलेल्या दहापैकी किती बोअरना पाणी लागलं? पश्चिम विदर्भात बहुतेक ठिकाणी खाली बेसॉल्ट आहे. त्याच्या झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरांत कुठे ना कुठे पाणी सापडतंच. समजा, न विचारता मारलेल्याही सात लागल्या. मग नारळाने काय केलं? फेल गेलेल्या बोअरचा हिशेब तर गावात कुणीच ठेवत नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणखी गंमत: पाणी लागतं, पण ते खारं निघतं. ते यशात धरायचं की अपयशात, हेही आधी ठरवायला नको का?

म्हणून चाचणी नीट मांडू. आठ सारख्या बादल्या घ्या. चारांत पाणी, चारांत कोरडी रेती, आणि सगळ्यांवर बारदाना. चारांत पाणी आहे एवढंच पाणाड्याला सांगायचं. त्याने चार निवडायच्या. आता क्षणभर असं धरून चालू की त्याला काहीही कळत नाही, तो नुसता अंदाज मारतो आहे. पुस्तकात याला शून्य परिकल्पना म्हणतात. सगळी करामत या धरून चालण्यात आहे, कारण एकदा ते धरलं की मोजता येतं.

आठातून चार किती तऱ्हांनी निवडता येतील? पहिली बादली आठ प्रकारे, दुसरी सात, तिसरी सहा, चौथी पाच प्रकारे. गुणाकार १,६८०. पण त्याच चार बादल्या कोणत्या क्रमाने उचलल्या याला महत्त्व नाही, आणि चार वस्तूंचे क्रम २४ होतात. १,६८० भागिले २४, म्हणजे ७०. या ७० पैकी चारही बरोबर असणारी निवड एकच. तीन बरोबर असणाऱ्या १६: पाण्याच्या चारांतून तीन घ्यायचे प्रकार चार, रेतीच्या चारांतून चुकीची एक घ्यायचेही चार. दोन बरोबर ३६, एक बरोबर १६, शून्य बरोबर १. बेरीज ७०. जुळली.

आता निकाल वाचा. चारही ओळखल्या, तर नुसत्या अंदाजाने तसं घडण्याची शक्यता ७० त १, म्हणजे दीड टक्क्याच्याही खाली. दखल घ्यायला हवी. तीन ओळखल्या, तर पारावर जयजयकार होईल. पण अंदाजाने तीन किंवा त्याहून जास्त जुळायची शक्यता ७० त १७ आहे, जवळपास २४ टक्के. याच आकड्याला पी-व्हॅल्यू म्हणतात. रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये ही आठांची चाचणी चहाचे कप घेऊन मांडली होती. कपात दूध आधी ओतलं की चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं असं एका बाईंचं म्हणणं होतं. ०.०५ ची प्रसिद्ध सीमारेषाही फिशरनेच सोयीची म्हणून रूढ केली. ती काही निसर्गनियम नाही. आणि पी-व्हॅल्यू ०.०५ आली म्हणजे दावा ९५ टक्के खरा, असं मुळीच नाही, पदवीधरही बिनधास्त तसं सांगत असले तरी. दावा खोटा धरल्यावर असा निकाल किती वेळा दिसेल, एवढंच तो आकडा सांगतो.

इथून पुढे खरी मजा. एकाऐवजी ५०० पाणाडे या बादल्यांपुढे उभे केले, आणि कुणालाच काही कळत नसलं, तरी ५०० भागिले ७०, म्हणजे साधारण सात जण चारही ओळखतील. पेपरात फोटो त्या सातांचे येतील. १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ एका दुमजली कोठारात असा प्रयोग खरोखर झाला. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप दर वेळी जागा बदलून ठेवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने जागा सांगायची. सुमारे ५०० जणांतून ४३ निवडले, त्यांच्या ८४३ चाचण्या झाल्या, आणि काही मोजक्यांना खरंच कळतं असं संशोधकांनी जाहीर केलं. पुढे जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे तपासले. एका फेरीत चमकलेले दुसऱ्या फेरीत चमकत नव्हते. निवडून काढलेला योगायोग पुन्हा करून दाखवता येत नाही.

म्हणून पाणाड्या लबाड ठरत नाही. काडी आपण हलवत नाही, असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात. विल्यम कार्पेंटरने १८५२ मध्ये याला इडिओमोटर क्रिया हे नाव दिलं. हा धडा मानसशास्त्राचाच. नारळाला हसून मशीनवाल्यापुढे मान डोलावणाऱ्यांनाही एक सांगणं: जमिनीचा विद्युतरोध मोजणं हे शास्त्र आहे, पण दारात आलेल्या मशीनवाल्याकडूनही फेल गेलेल्या बोअरची यादी मागा.

पाणाड्याचीही एक बाजू आहे. त्याला थोडं कळत असेल, पण एखादी चूक होत असेल, तर आठ बादल्यांची चाचणी त्याच्यावर अन्याय करते: एक चुकली की तो २४ टक्क्यांत गेला. बादल्या बारा करा, सहा पाण्याच्या, सहा रेतीच्या. निवडी होतात ९२४. सहाही बरोबर १, पाच बरोबर ३६. म्हणजे एक चूक पोटात घालूनही ९२४ त ३७, चार टक्के. नमुना मोठा का घ्यायचा, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. फक्त बादल्या भरणाऱ्याला निवड होईपर्यंत घरी पाठवा, नाहीतर पाणाड्या नारळाकडे बघत बघत त्याचा चेहरा वाचेल. आणि चाचणीच्या अटी पाणाड्याकडून आधीच कबूल करून घ्या. "बादलीतलं पानी वायलं, जमिनीतलं वायलं" हे निकालानंतर ऐकून घ्यायचं नाही.