इ.स.पू. १८३ : तीन सेनापतींचे एकच मृत्युवर्ष?

कार्थेजचा हॅनिबल, त्याला झामाच्या लढाईत हरवणारा रोमन स्किपिओ आफ्रिकानस आणि ग्रीसमधल्या अखाइयन संघाचा, म्हणजे तिथल्या नगरराज्यांच्या एका युतीचा, सेनापती फिलोपोमेन. हे तिघे इ.स.पू. १८३ या एकाच वर्षी गेले, असे प्राचीन काळापासून सांगितले जाते. पहिली दोन नावे जोडीने येणारच. तिसरे त्यांच्या शेजारी कसे जाऊन बसले?

इथे पॉलिबियस आठवतो. हा ग्रीक इतिहासकार फिलोपोमेनच्याच मेगालोपोलिसचा. मेस्सिनी ही नगरी अखाइयन संघातून फुटली तेव्हा सत्तरीचा फिलोपोमेन तिच्यावर चालून गेला, घोड्यावरून पडला आणि शत्रूच्या हाती सापडला. मेस्सिनीकरांनी त्याला तळघरात कोंडून विषाचा पेला दिला. सूड घ्यायला सैन्य नेले ते पॉलिबियसच्या वडिलांनी, लायकोर्टासने. अस्थिकलश मिरवणुकीत तरुण पॉलिबियसने वाहिला, असे ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो. पुढे पॉलिबियसनेच या तिघांचे मृत्यू एका वर्षात मांडले. गावच्या वीराला थोरांच्या पंगतीत बसवण्याची हौस त्यामागे असावी, असे मला वाटते.

उरलेल्या दोघांच्या अखेरीला एकच राजा कारण झाला : सीरियातल्या सेल्यूसिड घराण्याचा तिसरा अँटायोकस. इ.स.पू. १९५ मध्ये कार्थेज सोडून हॅनिबल त्याच्या आश्रयाला गेला. रोमने अँटायोकसला हरवले आणि हॅनिबलला ताब्यात देण्याचे कलम तहात घातले. तो निसटत अखेर आशिया मायनरमधल्या बिथिनियाच्या प्रुसियास राजाकडे पोचला. रोमचा दूत फ्लॅमिनिनस तिथे आला, तेव्हा हॅनिबलने घराला ठेवलेल्या सातही वाटांवर पहारे बसलेले होते. त्याने विष घेतले. स्किपिओवर आळ आला तो याच अँटायोकसकडून आलेल्या पैशांचा. हिशेबाच्या वह्या त्याने सिनेटसमोर फाडल्या, असे सांगतात. पुढे रोम सोडून तो कॅम्पानियातल्या लिटर्नमला राहिला आणि तिथेच वारला.

आता सालाकडे. हॅनिबलच्या मृत्यूची १८३, १८२ आणि १८१ अशी तीन वर्षे तीन लेखकांनी दिल्याची नोंद रोमन चरित्रकार नेपोसने केली आहे. त्यात ग्रीकांचे ऑलिंपियाड वर्ष उन्हाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, तर रोमन कॉन्सुलांचे, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांचे, वर्ष त्या काळी १५ मार्चला सुरू होई. एका ग्रीक वर्षाला दोन रोमन वर्षांचे तुकडे लागत. अशा हिशेबात मृत्यू एका वर्षात ओढून आणणे फारसे अवघड नव्हते.

स्किपिओचे साल तर रोमन इतिहासकार लिव्हीने सरळ नाकारले. त्याचा पुरावा कोरडा, पण पक्का आहे. सिनेटच्या यादीत पहिले नाव स्किपिओचे असे. १८४ च्या सेन्सॉरांनी, म्हणजे सिनेटची यादी ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, त्या जागी लुसियस व्हॅलेरियस फ्लॅकसला नेमले. स्किपिओ हयात असता, तर त्याला सिनेटमधून काढल्याशिवाय ही जागा दुसऱ्याला देता आली नसती, आणि अशा अपमानाची नोंद कुठेच नाही. म्हणजे तो आधीच गेलेला. एवढे सिद्ध करूनही लिव्हीने तिघांची तुलना मात्र सोडली नाही : तिघांपैकी एकालाही मायभूमीत मरण आले नाही, हे त्याने आवर्जून लिहिले.