घरट्यापासून मागे सरकताना: हौशी पक्षिछायाचित्रणाची पार्श्वभूमी

चिमणी साधारण १५ सेंटिमीटर लांबीची असते. ती १० मीटरवर बसलेली असताना ५० मिलिमीटरच्या लेन्सने टिपली, तर फिल्मवरची तिची प्रतिमा एक मिलिमीटरही भरत नाही; ५०० मिलिमीटरच्या लेन्सने तीच साडेसात मिलिमीटर भरते. ही दुसरी लेन्स हौशी माणसाच्या आवाक्यात येण्याच्या कितीतरी आधीपासून लोक पक्ष्यांचे फोटो काढत होते, आणि त्यांच्यापुढे वाट एकच होती: लेन्स पोहोचत नसेल तर आपणच पक्ष्याजवळ जायचे. पक्षी सहसा माणसाला जवळ येऊ देत नाही. पण एक जागा अशी असते, जिथे तो घाबरून उडाला तरी पुन्हा परत येतो. ती जागा म्हणजे त्याचे घरटे. या छंदाच्या जुन्या सवयी आणि त्याच्यावर आजही घेतले जाणारे आक्षेप, या दोन्हींचे मूळ बऱ्याच अंशी या एका अडचणीत आहे.

१८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली, तेव्हा रानातल्या जिवंत पक्ष्याचे चित्र घेणे कल्पनेतही नव्हते. पक्ष्यांचा अभ्यास बंदुकीने होत असे. पक्षी पाडायचा, त्याची कातडी भुसा भरून जपायची आणि त्यावरून वर्णन लिहायचे, हीच रीत होती. १८५१ नंतरच्या ओल्या काचपट्टीच्या पद्धतीत पट्टीवर रसायन चढवून ती ओली असतानाच चित्र घ्यावे आणि धुवावे लागे, त्यामुळे काळोखाचा तंबू पाठीवर घेऊन हिंडण्याची ज्याची तयारी असेल त्यानेच रानात जावे, अशी स्थिती होती. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या पट्टीची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा तयार पट्ट्या बाजारात मिळू लागल्या. छंद म्हणून पक्ष्यांचे फोटो काढणे शक्य झाले ते खरे तर इथून.

त्याच सुमारास उडत्या पक्ष्याचीही चित्रे घेतली गेली, पण ती हौशी माणसांची नव्हेत. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याने १८८२ मध्ये सेकंदाला १२ चित्रे घेणारी ‘छायाचित्र-बंदूक’ तयार केली. तिला दस्ता होता, घोडा होता, आणि ती खांद्याला लावूनच पक्ष्यावर रोखायची असे. पुढे १८८४ मध्ये ओटोमार आन्श्युट्झ याने करकोच्यांची जी चित्रे घेतली, त्यांतल्या पिसांचा स्पष्टपणा पाहून लोक थक्क झाले. आपण आजही ‘शूट करायला’ जातो. त्या शब्दाआडची वस्तू एकेकाळी अक्षरशः बंदुकीच्या आकाराची होती, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

हौशी परंपरेची सुरुवात मात्र जमिनीवर, घरट्याशी झाली. यॉर्कशरमधल्या शेतकरी घरातले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ प्रकाशनसंस्थेत नोकरी करत आणि सुट्टीत रानात जात. १८९२ मध्ये त्यांनी अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ मध्ये, प्रत्यक्ष निसर्गात घेतलेल्या छायाचित्रांनीच सजलेले ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रेजिनाल्ड लॉज याला अंड्यांवर बसलेल्या तुरेवाल्या टिटवीच्या छायाचित्राबद्दल रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे पदक मिळाले. कीर्टन बंधूंनी लपून बसण्यासाठी जे काय केले ते आज वाचताना हसू येते. बैलाचे कातडे लाकडी सांगाड्यावर ताणून त्यांनी पोकळ बैल उभा केला होता. एकदा आत वाकून बसलेल्या रिचर्डसकट तो आडवा झाला आणि चेरीने भावाला बाहेर काढण्याआधी त्याचा फोटो काढला. पुढची पिढी बैलावरून साध्या कापडी लपणावर आली, कारण पक्ष्याला आकाराचे फारसे वावडे नसते, हालचालीचे असते, हे एव्हाना कळून चुकले होते.

त्या लपणात काय चालत असे, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. तंबू पहिल्या दिवशी घरट्यापासून बराच दूर उभारायचा आणि रोज थोडा थोडा पुढे सरकवायचा. आत शिरताना दोघांनी जायचे आणि एकाने मुद्दाम दिसेल असे निघून जायचे, कारण दोन आत गेले आणि एक बाहेर आला हा हिशेब बहुतेक पक्ष्यांना जमत नाही. त्यानंतर आतल्या माणसाने काळ्या कापडाखाली डोके घालून दुधी काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा जुळवायची, शटर मिटायचे, काचपट्टीची पेटी मागे बसवायची आणि तिचे झाकण ओढून थांबायचे. पक्षी आता दिसणार तो फक्त कापडाच्या भोकातून. तो नेमक्या जागी आला की रबरी फुगा दाबायचा. शटरचा खटका वाजताच पक्षी उडून जायचा, आणि दुसरी पट्टी बसवून पुन्हा तासभर वाट पाहायची. दिवसाकाठी सहा पट्ट्या म्हणजे भरगच्च दिवस. मारेच्या बंदुकीचा वेग इथे काही कामाचा नव्हता. उपयोगी होते ते बूड टेकून बसणे.

या पद्धतीने फार मोलाची कामेही झाली. एमा टर्नर या हौशी छायाचित्रकार बाईंनी १९०० मध्ये रिचर्ड कीर्टनशी झालेल्या भेटीनंतर कॅमेरा हाती घेतला आणि नॉर्फकच्या पाणथळीत नौकेवर मुक्काम ठोकून वर्षानुवर्षे काम केले. बगळ्यांच्या कुळातला, लव्हाळ्यात दडून राहणारा बिटर्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधून प्रजननासाठी नाहीसा झाला होता. १९११ मध्ये बाईंनी घेतलेले त्याच्या पिल्लाचे छायाचित्र हा तो परतल्याचा पुरावा ठरला. अमेरिकेत विल्यम फिन्ली आणि हर्मन बोलमन या मित्रांच्या छायाचित्रांचा ओरेगनमधल्या पाणथळी राखीव होण्यात वाटा होता. तिथले मॅलूर अभयारण्य राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ मध्ये घोषित केले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घरटी हुडकण्याची नजर या लोकांनी ज्या जगातून उचलली, ते जग अंडी गोळा करणाऱ्यांचे होते, आणि कॅमेरा हे त्या मानाने निरुपद्रवी साधन आहे या समजुतीवर बरीच वर्षे निभावून गेले. घरट्यासमोरच्या आडव्या येणाऱ्या फांद्या बांधून ठेवणे, कधी छाटून टाकणे, यात कोणाला गैर वाटत नसे. फांदी गेली की ऊन थेट पिल्लांवर पडते आणि कावळ्यालाही घरटे दिसू लागते, हा हिशेब फार उशिरा मांडला गेला.

किंमत कधी छायाचित्रकारानेही मोजली. एरिक हॉस्किंग या ब्रिटिश छायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ मध्ये घुबडाच्या झडपेने गेला. रात्री तो त्या घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणाकडे निघाला होता. त्यानंतरही तो घुबडांकडेच वळला आणि चोचीत उंदरासारखा प्राणी धरून पंख उभारलेल्या गव्हाणी घुबडाचे त्याचे १९४८चे छायाचित्र जगभर गाजले. त्यामागे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश होता, जो हॅरॉल्ड एजर्टन यांच्या १९३०च्या दशकातल्या प्रयोगांतून पुढे आला. या फ्लॅशचा सर्वांत सुंदर उपयोग मात्र एका हौशी माणसाने केला असे मला वाटते: ड्यूपाँ या रसायन कंपनीचे अध्यक्ष असलेल्या क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी हमिंगबर्डच्या भिरभिरत्या पंखांची जी चित्रे घेतली, ती १९६० मध्ये पुस्तकरूपाने आली. सिंगापूरचे चित्रपट व्यावसायिक ‘लोक वान थो’ हेही याच काळातले हौशी छायाचित्रकार; सालिम अलींबरोबर त्यांनी भारतात पुष्कळ भटकंती केली. थोडक्यात, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा छंद वेळ आणि पैसा दोन्ही हाताशी असणाऱ्यांचाच राहिला.

लेन्समधूनच प्रतिमा दाखवणारे ३५ मिलिमीटरचे कॅमेरे १९५९च्या निकॉन एफनंतर रुळले, त्यांना लांब लेन्स सहज जोडता येऊ लागल्या, आणि पहिल्यांदाच घरटे सोडून चरणाऱ्या, भांडणाऱ्या, उडणाऱ्या पक्ष्यांकडे सामान्य हौशी माणूस वळू शकला. तरी फिल्मची मर्यादा होतीच. ६४ संवेदनशीलतेच्या रंगीत फिल्मवर एफ ५.६ छिद्राच्या लेन्सने लख्ख उन्हात शटरला १/५०० सेकंदाचा वेग मिळे, पण पक्षी सावलीत शिरला की तोच १/६० वर येई, आणि ४०० मिलिमीटरची लेन्स हातात धरून १/६० म्हणजे चित्र हललेच समजायचे. रोलमधली ३६ चित्रे धुऊन आल्यावर दोन बरी निघाली तर आनंद होता.

यापुढचे बदल भराभर झाले. १९८५च्या मिनोल्टा ७००० पासून ऑटोफोकस सर्वसामान्य कॅमेऱ्यात आला, १९९५ मध्ये कंपन सावरणारी लेन्स आली. १९९९च्या सुमारास मलेशियाच्या लॉरेन्स पो यांनी पक्षिनिरीक्षणाच्या दुर्बिणीला छोटा डिजिटल कॅमेरा लावून उत्तम चित्रे मिळतात हे दाखवले आणि ज्यांच्याकडे दुर्बीण आधीच होती असे असंख्य निरीक्षक छायाचित्रकार झाले. २०१५ मध्ये ८३ पट झूमचा निकॉन पी९०० आला; आता कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतःच ओळखून त्यावर फोकस धरतात आणि सेकंदाला ३० किंवा त्याहूनही जास्त चित्रे घेतात.

म्हणजे घरट्याशी जाण्याचे तांत्रिक कारण केव्हाच संपले आहे, सवय मात्र मागे राहिली. तिला आवर घालण्याचे काम कायद्यांनी आणि संस्थांनी केले. ब्रिटनच्या १९८१च्या कायद्याने विशेष संरक्षित पक्ष्यांना घरट्यावर त्रास देणे गुन्हा ठरवले आणि अशा छायाचित्रणासाठी परवाना आवश्यक केला. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या ऑनलाइन संग्रहात दुर्मीळ, संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणे लपवली जातात, कारण फोटोबरोबर पत्ता गेला की दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी जमते. निसर्गछायाचित्रणाच्या अनेक स्पर्धा तर आता घरट्यावरची चित्रे स्वीकारतच नाहीत. लॉजची ती पदकविजेती टिटवी अशा स्पर्धेत पहिल्या छाननीतच बाद झाली असती.