वाचणाऱ्यांनाही लॉक महाग पडतो

पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेमध्ये ‘परम ब्रह्म’ महासंगणक आहे. त्याच्या एका नोडमध्ये, म्हणजे त्यातल्या एका संगणकात, ४८ कोअर (एकाच वेळी काम करणारे गणक) असतात. समजा, या सगळ्यांना कर्नेलमधलं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं) एकच राउटिंग टेबल, म्हणजे नेटवर्कवरचा डेटा कुठे पाठवायचा याचा तक्ता, नुसतं वाचायचं आहे. कोणी काही बदलत नाही, मग अडचण कसली?

अडचण लॉकमध्येच आहे, म्हणजे एकाच डेटावर अनेक जण आले की गोंधळ होऊ न देणाऱ्या कुलपात. रीडर-रायटर लॉक (वाचक कितीही, पण लिहिणारा एकटाच) घेताना प्रत्येक वाचक ‘आत किती जण आहेत’ हा आकडा एकने वाढवतो, म्हणजे मेमरीत लिहितो. तो आकडा ज्या ६४ बाइटच्या कॅश लाइनमध्ये (कोअरजवळच्या वेगवान मेमरीच्या तुकड्यात) असतो, त्या लाइनवर एका वेळी एकच कोअर लिहू शकतो. मग ती लाइन या कोअरकडून त्या कोअरकडे फिरत राहते. वाचन क्षणाचं असेल, तर त्याहून जास्त वेळ लॉक घेण्यातच जातो.

डेटा छोटा असेल तर सीक्वेन्स लॉक पुरतो. त्यात लिहिणारा प्रत्येक बदलाला एक काउंटर वाढवतो, वाचक तो फक्त बघतो. लिनक्स घड्याळाची वेळ अशीच वाचतं: काउंटर बघा, वेळ वाचा, काउंटर पुन्हा बघा, बदलला असेल तर परत वाचा. पण डेटात पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या दुसऱ्या जागेचे पत्ते, आले की हे चालत नाही. काउंटर बदललाय हे कळेपर्यंत वाचक फ्री झालेल्या, म्हणजे दुसऱ्या कामासाठी मोकळ्या केलेल्या, मेमरीत शिरलेला असतो.

त्यावर उपाय आरसीयू, म्हणजे रीड-कॉपी-अपडेट. पॉल मॅककेनी आणि सहकाऱ्यांचं हे तंत्र २००२ साली लिनक्समध्ये आलं. कर्नेलमधली इतकी देखणी कल्पना विरळाच. लिहिणारा जुन्या नोंदीची प्रत काढतो, प्रतीत बदल करतो, मग एका फटक्यात पॉइंटर नव्या प्रतीकडे वळवतो. जुनी नोंद मात्र लगेच फ्री करत नाही. आधीपासून वाचत असलेले सगळे बाहेर पडेपर्यंत थांबतो. ते कळतं कसं? प्रीएम्प्शन नसलेल्या, म्हणजे चालू काम मधेच हिसकावून न घेणाऱ्या, कर्नेलमध्ये वाचकाला मधेच झोपायची मुभा नसते. त्यामुळे प्रत्येक कोअरवर एकदा कॉन्टेक्स्ट स्विच झाला, म्हणजे कोअर एक काम सोडून दुसऱ्याकडे वळला, की जुना वाचक उरलेला नाही हे नक्की. वाचकाला काहीच लिहावं लागत नाही; अशा कर्नेलमध्ये वाचनाच्या ‘लॉक’साठी प्रोसेसरची एकही सूचना खर्च होत नाही.

चुका ठरलेल्या असतात. न थांबता फ्री केलं, की वाचकाच्या हाती कचरा येतो, तोही कधीतरीच, म्हणून बग सापडता सापडत नाही. दोन लिहिणारे एकदम आले, तर एकाचा बदल पुसला जातो. त्यांच्यात साधा स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारा, बाकीच्यांना ताटकळत ठेवणारा लॉक) हवाच. आणि एखादा वाचक आतच अडकला, तर फ्री व्हायची मेमरी साचत जाते. तेव्हा डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नेलचे संदेश दाखवणारी कमांड) ‘आरसीयू स्टॉल’ शोधा. मूळ लिनक्समध्ये हा इशारा सहसा २१ सेकंदांनी येतो आणि कुठला कोअर अडलाय तेही सांगतो.