ऑपेरा-श्रवण (बेळगाव सीमाभाग)

ऑपेरा-श्रवण : युरोपातील गायनप्रधान नाट्य, म्हणजे ऑपेरा, समजून घेत ऐकण्या-पाहण्याची सवय आणि त्यासाठी कानाला लागणारी तयारी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी माणसाला ऑपेरा भेटतो तो बहुधा मोबाइलच्या पडद्यावर. क्वचित कुणी मुंबईला गेला की एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रयोगाचे चित्रीकरण पाहून येतो. मात्र त्याचा कान कोरा नसतो. नाट्यपदे, भजनी मंडळे आणि पारिजात हे कन्नड लोकनाट्य यांनी तो आधीच घडवलेला असतो. या कानाला ऑपेरात कुठे सोपे जाते आणि कुठे अडते, हा या नोंदीचा विषय आहे.

ऑपेराची सुरुवात इटलीत फ्लॉरेन्सला झाली. प्राचीन ग्रीक शोकांतिका गाऊन सादर होत असाव्यात, असे तिथल्या काही विद्वानांना वाटले आणि तो प्रकार पुन्हा उभा करण्याच्या खटपटीतून याकोपो पेरीचे ‘दाफ्ने’ (१५९८) जन्माला आले. त्या ऑपेराचे बहुतेक संगीत आज हरवले आहे. मोंतेवेर्दीचे ‘ऑर्फेओ’ (१६०७) मात्र अजून रंगभूमीवर येते. १६३७ मध्ये व्हेनिसला तिकीट काढून कुणालाही जाता येईल असे ऑपेरागृह उघडले आणि दरबारी करमणूक बाजारात आली.

बेळगावकराला यातले पहिले वळण ओळखीचे वाटावे. अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांनी शिक्षकी केली, सरकारी नोकरीही केली. नवे काही उभे करताना तेही जुन्या अभिजात नाटकाकडे, कालिदासाकडे वळले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. त्याआधीच्या विष्णुदास भावे यांच्या धर्तीच्या नाटकांत गाण्याचा भार सूत्रधारावर असे. किर्लोस्करांनी तो पात्रांच्या गळ्यात दिला. दुष्यंताचे दुःख दुष्यंतानेच गायचे, हा ऑपेराचा पायाच आहे.

एवढ्यावरून संगीत नाटकाला ‘मराठी ऑपेरा’ म्हणण्याची हौस अनेकांना येते. ती आवरलेली बरी. संगीत नाटकात बोलणे आणि गाणे वेगळे असते. ऑपेरात बहुतेक वेळा निरोप, भांडण, हिशेब सगळे सुरातच चालते. या गद्यासारख्या गाण्याला रेसिटेटिव्ह म्हणतात आणि पात्र थांबून मन मोकळे करते त्या गीताला आरिया. आपल्याकडे साकी-दिंडी या छंदांनी कथा पुढे सरकते आणि पदात भाव मुरतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा फरक दोन मिनिटांत उमजतो. मधल्या रेसिटेटिव्हला कंटाळणारा श्रोता साकीलाही कंटाळलेलाच असतो.

बोलणे आणि गाणे वेगळे ठेवणारे ऑपेरेही आहेत. मोत्सार्टचे ‘द मॅजिक फ्लूट’ (१७९१) तसे आहे. बिझेचे ‘कार्मेन’ (पॅरिस, १८७५) मुळात तसेच होते; त्यातले संवाद सुरात बांधले गेले ते बिझेच्या मृत्यूनंतर, दुसऱ्याच्या हातून. पहिल्या प्रयोगाला थंड प्रतिसाद मिळाला आणि तीन महिन्यांत बिझे गेला. संगीत नाटकावर वाढलेल्या माणसाने संवाद असलेल्या ‘कार्मेन’पासून सुरुवात करावी. वाग्नरच्या चार रात्री आणि सुमारे १५ तास चालणाऱ्या ‘रिंग’ या ऑपेरामालिकेला पहिल्याच महिन्यात हात घालू नये.

भाषेची भीती मात्र या भागात फारशी टिकत नाही. गोकाक-मुडलगी बाजूला कुलगोड तम्मण्णांनी नावारूपाला आणलेला श्रीकृष्ण पारिजात कन्नड आहे. शब्द निम्मेच कळूनही सत्यभामेचा रुसवा मराठी प्रेक्षकाला कळतो. ज्याने असा पारिजात पाहिला आहे, त्याला इटालियनमुळे अडायचे कारण नाही. शिवाय १९८३ मध्ये टोरंटोला रंगमंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवायला सुरुवात झाली आणि ती सोय आता जगभर आहे. कथानक आधी वाचून ठेवावे, हे उत्तम. कथानकेही परकी नसतात. रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’मध्ये (१८१६) म्हातारा बार्तोलो आपल्याच आश्रयातल्या तरुण रोझिनाशी लग्न लावायला टपलेला असतो. ‘शारदा’ नाटकातला म्हातारा नवरदेव भुजंगनाथ ज्याने पाहिला आहे त्याला बार्तोलोची ओळख करून द्यावी लागत नाही. ‘शारदा’चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल बेळगावातच शिकले, किर्लोस्करांचेच विद्यार्थी.

खरी अडचण षड्जाची. ऑपेरात तंबोरा नसतो. इथला कान सवयीने आधी ‘सा’ शोधतो, तो सापडला की स्थिरावतो, आणि तेवढ्यात ऑपेराचा ‘सा’ जागा बदलतो. पुच्चिनीच्या ‘ला बोएम’मधली (१८९६) रोदोल्फोची आरिया पेटी घेऊन ऐकावी. कवी अंधारात शेजारणीचा गार पडलेला हात हाती घेतो, तिथे ती सुरू होते. काळी एकचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज धरला तर पहिली ओळ पंचमावर ठाण मांडून बसलेली दिसते. एकाच सुरावर बोलल्यासारखे शब्द येतात. तरुण अजून बिचकतोय, हे त्या न हलणाऱ्या पंचमातून कळते. पुढे धीर चेपतो आणि षड्ज काळी एकवरून काळी चारवर जातो. मघाचा पंचमच आता ‘सा’ होतो. शेवटाकडे येणारा प्रसिद्ध उंच सूर जुन्या षड्जाने मोजला तर तार सप्तकातला शुद्ध निषाद, आणि नव्याने मोजला तर गंधार. निषाद समजून ऐकले तर तो टांगलेला वाटतो, गंधार समजून ऐकले तर घरी पोहोचलेला. काही गायक ही आरिया अर्धा स्वर उतरवून गातात. मग पेटीवर पांढरी एकपासून सुरुवात करावी लागते. हा खेळ एकदा हाताने खेळून पाहिला की षड्ज हलण्याची धास्ती जाते.

दुसरी तक्रार आवाजाची. ‘बाई थरथरत गातात’ हे वाक्य पहिल्या दिवशी हमखास येते. ऑपेराचा गायक ध्वनिक्षेपकाशिवाय अख्ख्या वाद्यवृंदावरून आवाज नेतो. त्यासाठी तो गळा असा घडवतो की साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार येते. वाद्यांचा जोर त्या पट्टीत कमी असल्याने गळा वर तरंगतो. सुराभोवतीचे हलके कंपन त्याच गायकीचा भाग आहे. माइक नसलेल्या काळात आपल्या नटांनाही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावाच लागे.

‘वन्स मोअर’ची खोड दोन्हीकडची. व्हिएन्नात १७८६ मध्ये मोत्सार्टच्या ‘फिगारोचे लग्न’मध्ये प्रेक्षक इतकी गाणी पुन्हा मागू लागले, की एकापेक्षा जास्त गळ्यांची गीते पुन्हा गाऊ नयेत, असा हुकूम सम्राट दुसऱ्या जोसेफने काढला. आपल्याकडे असा हुकूम निघाला असता तर थिएटर जागेवर राहिले नसते. फरक एवढाच, की इथे ‘वन्स मोअर’ला नट गाण्यात नवी जागा, म्हणजे नवी सुरावट, घेतो, तिथे लिहिलेलेच पुन्हा येते. त्याच ऑपेरात केरुबिनो या पोराचे काम बाई करते आणि कथेत त्या पोराला पुन्हा बाईचा वेष चढवला जातो. बालगंधर्वांच्या लुगड्यांच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या घरांत यावर कुणी भुवई उंचावत नाही.

सगळ्यात परके काय, तर एकाच वेळी अनेकांनी वेगवेगळे गाणे. नाट्यपदात एक गातो, बाकीचे थांबतात. वेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’च्या (१८५१) तिसऱ्या अंकात खानावळीच्या आत ड्यूक माद्दालेनाला लाडीगोडी लावतो आणि बाहेर भिंतीच्या फटीतून रिगोलेत्तो व त्याची मुलगी जिल्दा हे पाहतात. ड्यूकची चाल गोड आणि लांब, माद्दालेनाचे सूर हसल्यासारखे तुटक, जिल्दाचे हुंदके, बापाची खालच्या पट्टीतली धुसफूस. चौघांच्या चार तऱ्हा, मूळ षड्ज पुन्हा काळी एकच. पहिल्यांदा हा नुसता गलका वाटतो. उपाय साधा आहे : चारदा ऐकावे आणि दर वेळी एकाच माणसाचा माग धरावा. सुरुवात जिल्दापासून करावी. ड्यूक तसाही ऐकू येतोच. पाचव्यांदा चौघे आपोआप एकत्र येतात.

अनेक गळ्यांचा हा मेळ कानावर पडायला फार लांब जावे लागत नाही. बेळगावच्या कॅम्प भागातल्या चर्चमध्ये नाताळात गायनवृंद गातात. घाटाखाली गोव्यात तर ही जुनी रीत. तियात्र या कोकणी गाण्याबजावण्याच्या नाटकाचे मूळच ऑपेराच्या शेजारी आहे : मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा कंपनीत काम केलेल्या लुकासिन्यु रिबेरो यांनी १८९२ मध्ये ‘इटालियन भुरगो’ हे पहिले तियात्र तिथेच उभे केले. खानापूरच्या पलीकडे गोवा लागतो, त्यामुळे ही नाळ या भागाला अंगणातली म्हणावी लागेल. नाट्यसंगीत ऐकणारे मात्र चर्चच्या फाटकाशी थांबतात, आणि चर्चमध्ये गाणारे ‘सौभद्र’ला येत नाहीत.