जुना रोटरी मिक्सर निवडताना : नॉबची खरखर आधी आम्हाला ऐकू द्या

वापरलेला रोटरी मिक्सर, म्हणजे सरकत्या कळांऐवजी गोल नॉब असलेले, डीजेचे तबकड्यांचा आवाज एकत्र करणारे यंत्र, घ्यावा की नाही हे ठरवण्यासाठी ग्राहक आमच्याकडे जी यंत्रे तपासणीला आणतात, त्यांतली बरीचशी आदल्या रात्री ‘साफ’ होऊन आलेली असतात. नॉब ओढून काढला की दांड्याच्या मुळाशी ओलसर कडे दिसते, त्यावर धूळ चिकटलेली असते, झाकण उघडताच नॉब साफ करण्याच्या स्प्रेचा वास येतो, आणि समोर उभे असलेले ग्राहक समाधानाने सांगतात की काल खरखरत होता, आज एकही नॉब आवाज करत नाही. आम्हाला नेमकी तीच खरखर ऐकायची असते. मिक्सरच्या निवडीविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या इतर गोष्टीही या पत्रकात आहेत, परंतु ते लिहिण्याची वेळ आली ती या स्प्रेमुळे.

रोटरी मिक्सरवर एका तबकडीतून दुसरीत जाण्याचे सगळे काम चॅनेलच्या मोठ्या नॉबवर होते. सत्तरच्या दशकातला बोझॅक सीएमए-१०-२डीएल घ्या किंवा त्याच्या मागून आलेला युरेई १६२० घ्या, दोहोंवर क्रॉसफेडर, म्हणजे एका तबकडीवरून दुसरीवर नेणारी सरकती कळ, नाही. वाजवणारा दोन हातांनी दोन नॉब सावकाश फिरवतो आणि कधीकधी एका बदलाला पूर्ण मिनिट घेतो. नॉबखाली पोटेन्शिओमीटर असतो, ज्याला आम्ही पॉट म्हणतो. त्यात कार्बनचा पट्टा, पट्ट्यावरून सरकणारा वायपर, आणि स्टिरिओसाठी एकाच दांड्यावर बसवलेल्या अशा दोन जोड्या असतात. दांडा जिथून बाहेर येतो त्या बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या नळीत, घट्ट ग्रीस भरलेले असते. ज्याला लोक ‘जुन्या नॉबचे वजन’ म्हणतात ते बहुतांशी हे ग्रीसच होय.

खरखर दोन कारणांनी होते आणि त्या दोन कारणांमुळे यंत्राच्या किमतीत मोठा फरक पडतो. पहिल्या प्रकारात पट्ट्यावर धूळ बसलेली असते किंवा पट्टा झिजलेला असतो. ही खरखर ठरावीक जागी येते. नॉब वीसपंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला की धुळीची असेल तर कमी होते, झिजेची असेल तर त्याच जागी पुन्हा ऐकू येते. दुसऱ्या प्रकारात पॉट निर्दोष असतो आणि दोष त्याच्या आधीच्या कपॅसिटरमध्ये असतो. संगीताचा सिग्नल पुढे जाऊ द्यायचा आणि डीसी (एकाच दिशेचा स्थिर विद्युतदाब) अडवायचा, एवढेच त्या कपॅसिटरचे काम; तो जुना होऊन गळू लागला की डीसी पट्ट्यावर येऊन बसतो आणि वायपर सरकताना संपर्क जिथे जिथे क्षणभर सुटतो तिथे तिथे आवाज होतो. ही खरखर नॉबच्या संपूर्ण फेऱ्यात सारखी असते आणि कितीही फिरवले तरी हटत नाही. तिथे पॉट बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे, कारण नव्या पॉटवरही तीच खरखर येते.

डीसी आहे की नाही हे मीटर स्प्रेनंतरही सांगतो, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. झीज मात्र मीटरवर सहसा नीट दिसत नाही. ती कानांनीच ओळखावी लागते, आणि नेमकी तीच स्प्रेखाली काही दिवस झाकली जाते. शिवाय द्रावण बुशमध्ये उतरून ग्रीस धुऊन नेते, नॉब करंगळीच्या धक्क्याने गरगर फिरू लागतो, आणि मग बुश झिजली आहे की नुसतीच कोरडी पडली आहे हे पॉट सोडवल्याखेरीज कळत नाही. कुलपे, बिजागऱ्या यांच्यासाठी मिळणारा तेलकट स्प्रे मारला असेल तर त्याची साय पट्ट्यावर राहते आणि धूळ धरते. अशा मिक्सरचे पॉट आम्हाला एकेक करून काढावे, धुवावे आणि वाळवावे लागतात. एरवी दोन दिवसांत होणारी तपासणी मग तीन आठवड्यांवर जाते, कारण मधल्या काळात खरखर परतते का ते पाहिल्याशिवाय आम्ही लेखी अहवाल देत नाही. काही ग्राहकांना हा उशीर मुद्दाम केल्यासारखा वाटतो. आजचा शांत नॉब पाहून सही करणे आम्हालाही सोपे गेले असते, परंतु महिन्याभराने तोच मिक्सर त्याच ग्राहकासह परत आलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे.

आम्ही क्लीनर वापरत नाही असे नाही. मात्र आम्ही तो पॉट सोडवून फक्त पट्ट्यापुरता, थेंबाने लावतो आणि बुशमध्ये ग्रीस पुन्हा भरतो. फटीतून नळी घालून डबा रिकामा करणे हा वेगळा प्रकार आहे.

स्प्रे विकणाऱ्यानेच मारलेला असेल तर तो कसा ओळखावा, असे साहजिकच विचारले जाते. एकाच रांगेतले नॉब एकामागोमाग फिरवून पाहावेत. चारपैकी दोन जड आणि दोन अगदी सैल लागले, तर त्या दोघांवर कोणीतरी हात चालवला आहे असे समजावे. चारही सारखेच सैल असतील तर दांड्याच्या मुळाशी बोट फिरवून पाहावे.

त्याच बैठकीत आणखी एक परीक्षा घ्यावी. विकणारे बहुधा नॉब पूर्ण उघडून गाणे ऐकवतात, आणि पूर्ण उघडल्यावर बहुतेक सगळेच मिक्सर ठीक वाजतात. आपण मोनो तबकडी लावावी, हेडफोन मिक्सरच्या मुख्य आउटपुटचा आवाज देईल असे पाहावे, आणि चॅनेलचा नॉब शून्यापासून हळूहळू उघडावा. आवाज डोक्याच्या मध्यभागी राहिला पाहिजे. तो सुरुवातीला डावीउजवीकडे सरकत असेल, तर पॉटमधले दोन पट्टे एकमेकांशी जुळत नाहीत. अगदी तळाशी दोन-तीन डेसिबलचा फरक नव्या कार्बन पॉटमध्येही आढळतो आणि त्यावरून सौदा मोडण्याचे कारण नाही. परंतु नॉब घड्याळातल्या नवाच्या जागेपुढे गेल्यावरही आवाज एका बाजूला ओढत असेल, तर तो पॉट बदलावा लागेल असे धरून किंमत ठरवावी. तसाच पॉट मिळणे सोपे नसते. रोध, वक्र (नॉब फिरवताना आवाज कसा वाढतो ते) आणि दांड्याची लांबी हे सगळे जुळावे लागते, आणि दांडा ६ मिलिमीटरचा व मूळ नॉब ६.३५ मिलिमीटरचा असला की नॉब डुगडुगतो. जुळणाऱ्या पॉटच्या जोड्या आम्ही मीटरवर निवडून ठेवतो. त्यांचा दर सुट्या पॉटपेक्षा अधिक असण्याचे कारण तेवढेच आहे.

फोनवर काढलेला व्हिडिओ पाठवून ‘ऐकून सांगा’ असा आग्रह अनेकजण करतात. फोन ध्वनिमुद्रण करताना आवाजाची पातळी आपोआप समतल करतो, त्यामुळे आम्हाला ऐकायचे असते तेच त्यातून गळून जाते. व्हिडिओवरून आम्ही मत देत नाही. मागच्या बाजूची, व्होल्टेजच्या लेबलची आणि शक्य असल्यास आतली स्पष्ट छायाचित्रे मात्र जरूर पाठवावीत. ती आम्ही विनाशुल्क पाहतो. प्रत्यक्ष तपासणीचे शुल्क घेतो आणि पुढे दुरुस्ती आमच्याकडे झाली किंवा आमच्या साठ्यातला मिक्सर घेतला, तर ते बिलातून वजा करतो.

व्होल्टेजच्या लेबलबाबत एवढेच सांगायचे, की अमेरिकी बाजारासाठी बनलेली यंत्रे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असतात आणि २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट जोडली की ट्रान्सफॉर्मर जळतो. काहींमध्ये आतली जोडणी बदलून २३० करता येते. बाहेरून स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावला तरी फक्त ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो, म्हणून तासभर चालवून त्याला हात लावून पाहतो ते आम्हीच. आपण झाकण उघडू नये.

इनपुट आधी मोजावेत. जुन्या मिक्सरचे फोनो इनपुट टर्नटेबलच्या कार्ट्रिजसाठी, म्हणजे तबकडीवरच्या सुईच्या भागासाठी, बनलेले असतात. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देते, काही डीजे कार्ट्रिज त्याच्या दुप्पट देतात, तर सीडी प्लेअर किंवा संगणकाचा लाइन सिग्नल ३०० मिलिव्होल्ट किंवा त्याहून मोठा असतो. तो फोनोत घातला की आवाज फाटतो, आणि फोनोमधली आरआयएए दुरुस्ती (तबकडी कापताना दाबलेले खालचे सूर परत वर आणणारी) ते सूर सुमारे २० डेसिबलपर्यंत उचलत असल्यामुळे खर्ज नुसता घुमत राहतो. ‘मिक्सर फुटला’ म्हणून आलेली अशी यंत्रे केबल दुसऱ्या इनपुटला लावून परत पाठवली आहेत. ज्यांच्याकडे दोन टर्नटेबल आणि दोन लाइन यंत्रे आहेत त्यांनी त्या हिशेबाने मिक्सर पाहावा. एखादा फोनो इनपुट स्विचने लाइनवर नेण्याचे काम आम्ही करतो. मूळ पॅनेलला भोक न पाडता करतो आणि ते परत फिरवता येते.

‘रिकॅप झालेला आहे’, म्हणजे जुने कपॅसिटर बदललेले आहेत, हे जाहिरातीतले वाक्य वाचून ग्राहक निश्चिंत होतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतराने सुकतात, आणि तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, हे खरे. म्हणून ट्रान्सफॉर्मरजवळचे कपॅसिटर आम्ही आधी पाहतो. परंतु घाईने बदलताना बोर्डवरची तांब्याची पट्टी उचकटलेली आणि उलट्या ध्रुवाने डाग दिलेला कपॅसिटरही आम्ही काढला आहे. कोणी बदलले, कोणते बदलले, आणि जुने कुठे आहेत, हे तीन प्रश्न विकणाऱ्याला विचारावेत. फिल्म कपॅसिटर चांगल्या स्थितीत असतील तर आम्ही त्यांना हात लावत नाही, आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून बिलासोबत देतो.

नावाबद्दलही ग्राहक नेहमी विचारतात. न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गराज या नृत्यक्लबमध्ये, १९७७ ते १९८७ या काळात, डीजे लॅरी लेव्हन जे वाजवत असत तसा आवाज हवा, म्हणून बोझॅक किंवा युरेईच हवा असा हट्ट असतो. तिथली ध्वनियंत्रणा रिचर्ड लाँग यांची होती आणि त्या आवाजात स्पीकर, ॲम्प्लिफायर व दालन यांचा वाटा मिक्सरपेक्षा लहान नव्हता. नाव नसलेला, पण चारही नॉब एकसारखे चालणारा मिक्सर आम्ही नामांकित पण खरखरत्या मिक्सरआधी सुचवतो. त्यात आमचा नफा कमी असतो, हेही सांगून टाकतो. आणखी एक खबरदारी म्हणजे १६२० ची आवृत्ती पुढे नव्याने काढण्यात आली होती. ती वाईट नाही, पण मूळ यंत्र म्हणून त्या भावाने घेऊ नये.

तपासणीला मिक्सर आणताना नॉब ओढून वेगळ्या पिशवीत घालावेत, म्हणजे खोके तोंडावर पडले तरी दांडे वाकणार नाहीत. पुढच्या पॅनेलवर जाड फोम ठेवावा. सोबत पॉवर केबल आणि आपण नेहमी वापरता ती कार्ट्रिज आणावी. धूळ पुसू नये, आणि स्प्रे आधीच मारला गेला असेल तर कोणता व कधी, ते चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाकावे.